औषध चुकवू नका

डॉक्टर हर्डीकरांचा आवाज फार चांगला होता, आणि हे त्यांना कुणी सांगायची गरज कधी पडली नाही. मस्कतच्या मराठी मंडळात निवेदन कुणी करायचं हा प्रश्न बैठकीत निघायच्या आधीच ते घसा साफ करायचे. गणपतीत आरती संपून लोक प्रसादाच्या रांगेत उभे राहिले तरी ह्यांचा एक सूर मागे रेंगाळत असायचा. वाढदिवसाला फोन केला तर 'धन्यवाद' हा शब्द ते इतका लांबवून म्हणत, की शुभेच्छा देणाऱ्याला आपणच घाई केली असं वाटावं.

मी काही वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. रुवीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आमचा विभाग होता. पाटीवर व्यसन हा शब्द नव्हता, इंग्रजीत काहीतरी गोडगोड लिहिलं होतं, म्हणजे येणाऱ्याला लिफ्टमध्ये मान खाली घालायला नको. खिडकीतून हमरियाच्या दुकानांच्या पाट्या दिसायच्या. डॉक्टर तिथले मानसोपचारतज्ज्ञ आणि मी संशोधनाची कोऑर्डिनेटर. कोऑर्डिनेटर म्हणजे डॉक्टरांनी संशोधन केलं असं म्हणता यावं म्हणून बाकीचं सगळं करणारी बाई. अख्ख्या मस्कतमध्ये मी अनघा होते, फक्त ह्यांच्याकडे 'कर्णिकबाई' होते.

उंच, गोरे, नेहमी पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खिशात दोन पेनं, एक लिहायचं आणि एक सही करायचं. ईमेलला ते विपत्र म्हणत आणि विपत्र पाठवलं की ते पोचलं का हे विचारायला फोन करत. मी ठाण्याची आहे हे कळल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हरकत नाही." पुण्याचा माणूस 'हरकत नाही' म्हणतो तेव्हा नेमकी कशाला हरकत नाही ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांची सगळ्यात मोठी गंमत अशी, की दारू सोडवणारा हा डॉक्टर 'दारू' हा शब्द उच्चारायचा नाही. हलवायाने साखरेला साखर म्हणू नये, तसा प्रकार. समोर रंग उडालेल्या शर्टातला एखादा सुतार बसलेला असायचा, आणि हे विचारायचे, "आपण मद्यप्राशन किती काळापासून करत आहात?" तो माणूस माझ्याकडे बघायचा. मी म्हणायचे, "दारू कधीपासून पिता, दादा?" मग धडाधड उत्तर यायचं. त्या वेळी डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेने बघत, जशी काही मी त्यांच्या टेबलावर चप्पल काढून ठेवली आहे.

एकदा मी विचारलंच. म्हणाले, "कर्णिकबाई, आमच्या घरात तो शब्द उच्चारला जात नसे." मागे काही दुःखद कथा असेल म्हणून मी आदराने गप्प राहिले. कथा नव्हती. त्यांच्या घरात 'ढेकूण' हा शब्दही उच्चारला जात नसे.

एरवी दारू सोडवणाऱ्या बाकी सगळ्या मार्गांचा त्यांना तिटकारा. शपथ घेणारे भित्रे. एकत्र जमून आपापली कहाणी सांगणारे म्हणजे रडण्याची भजनी मंडळं. देवाला नवस बोलणारे तर विचारूच नका. "शास्त्र, कर्णिकबाई, शास्त्र!" असं म्हणताना ते टेबलावर बोट आपटत. एकदा एका अकाउंटंटची बायको आली. बिचारीने विचारलं, "डॉक्टर, नवऱ्याच्या चहात गुपचूप मिसळायची पावडर ऑनलाइन मिळते, ती आणू का?" डॉक्टरांनी तिला रुग्णाची संमती या विषयावर सविस्तर व्याख्यान दिलं. मानवी प्रतिष्ठा, स्वायत्तता, सगळं आलं. बाईंनी पदर सावरत नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे चहात नको. आमटीत घालू?"

दुसरं एक व्याख्यान मंडळात झालं. शुक्रवारची संध्याकाळ, विषय 'मद्यासक्ती: एक शास्त्रीय दृष्टिक्षेप'. समोर बसलेले निम्मे पुरुष परवानेवाले. परवाना म्हणजे इथे आमच्यासारख्या पगारदारांना बाटली विकत घ्यायला लागणारा सरकारी कागद, जो कामगारांना मिळत नाही. ते मागच्या रांगेत बसून व्याख्यानानंतर कुणाकडे जमायचं ते ठरवत होते. एकाने हात वर करून विचारलं, "डॉक्टर, नेमकी किती घेतली तर चालते?" डॉक्टर म्हणाले, "'घेतली' म्हणजे कोण?" सभागृह हसलं. डॉक्टरांना वाटलं आपल्या विनोदाला हसले. त्यानंतर कितीतरी दिवस ते तो किस्सा सांगत होते, आणि ऐकणाऱ्याला आधी माहीत आहे का हे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

मग ती गोळी आली.

परदेशातल्या एका कंपनीने पिण्याची ओढ कमी करणारी नवी गोळी काढली होती. बऱ्याच देशांत तिची चाचणी चालू होती आणि आखातातल्या भारतीय कामगारांचा एक छोटा तुकडा आमच्या वाट्याला आला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पिठाची, आणि कुणाला कुठली ते आम्हालाही माहीत नाही. मल्याळी गट दुसऱ्या डॉक्टरांकडे, मराठी गट आमच्याकडे. गोळी सकाळी घ्यायची. संध्याकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर यंत्राचा फोन येणार, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारणार, आणि त्याने बटण दाबून उत्तर द्यायचं.

प्रश्नांचा मराठी अनुवाद कंपनीने करूनच पाठवला होता. 'आज गोळी घेतली का? आज दारू प्यायलात का?' कुणाच्याही डोक्यात शिरेल असा. डॉक्टरांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"ही भाषा आहे? गोळी! गोळी लिमलेटची असते, नाहीतर बंदुकीची असते. आणि तो दुसरा शब्द रुग्णाच्या कानात? माझ्या संशोधनात?"

त्यांनी सही करायचं पेन काढलं. 'गोळी'च्या जागी 'औषध' आलं, दुसऱ्या शब्दाच्या जागी 'मद्य' आलं. अनुवाद तपासणाऱ्या समितीत मराठी कळणारा एकच सदस्य होता, आणि तो मंडळाचा खजिनदार. त्याने 'वा!' असा शेरा मारला.

आवाज अर्थात ह्यांचाच. कंपनीने सुचवलेल्या मुलीला 'श' आणि 'ष' मधला फरक कळत नाही म्हणून ती त्यांना चालली नाही. एक्स-रेच्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही, म्हणून एका दुपारी आम्ही तिथे रेकॉर्डिंग केलं. 'नमस्कार. मी डॉक्टर हर्डीकर. आज आपण औषध घेतलंत का? घेतलं असल्यास एक दाबा. चुकलं असल्यास दोन दाबा.' एक दाबलं की, 'अभिनंदन! असंच सातत्य ठेवा.' दोन दाबलं की, 'हे योग्य नव्हे. औषध चुकवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. कृपया आत्ताच औषध घ्या. औषध चुकवू नका.' मग मद्याचा प्रश्न. 'अभिनंदन' त्यांनी इतक्या वेळा करून पाहिलं, की बाहेर पाय मोडलेला एक माणूस ताटकळत कण्हायला लागला.

यंत्र नीट चालतं का ते बघायला आम्हाला एक चाचणीचा नंबर दिला होता. मी तो एकदा लावला. डॉक्टर रोज जेवणानंतर लावायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि एक दाबायचे. 'अभिनंदन!' ऐकलं की फोन ठेवायचे, आणि मग दुपारचे रुग्ण. दोन त्यांनी कधी दाबलं नाही. दोन दाबायचं त्यांना कारणच नव्हतं.

आता परब. मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्रेन चालवायचा. देवगडकडचा, काटक, बोलायला लाजरा. एका सकाळी त्याचा हात थरथरला आणि क्रेनला लटकवलेलं धूड हेलकावे खात दाणकन खाली आलं. त्याखाली माणूस कुणी सापडला नाही, नशीब. कारखान्याच्या मालकाने, म्हणजे अर्बाबने, त्याला खाली उतरवलं आणि साखळदंड पुसायच्या कामाला लावलं. डॉक्टरने बरा झाला असं सांगितलं तर परत वर, नाहीतर खलास, घरी जायचं. परबला काय हवंय ते त्याने पहिल्या भेटीत एका वाक्यात सांगितलं. "डाक्टर, माका परत वर जावचा आसा. वर गेल्यार समुद्र दिसता."

मला ते वाक्य फार आवडलं. डॉक्टरांनी ते ऐकलं की नाही ठाऊक नाही, कारण ते पुढच्या मुद्द्यावर गेले होते. "अकस्मात संपूर्ण वर्ज्य करणं शरीराला धोक्याचं असतं. क्रमाक्रमाने जायचं. आणि मी दूरध्वनीवरून जे सांगेन ते काटेकोर पाळायचं." यातली वैद्यकी बरोबर होती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर त्याला झटके येऊ शकतात. परबने मान डोलावली. "होय, डाक्टर."

आणि मग आकडे यायला लागले. मराठी गटात सगळे औषध घेत होते, जवळजवळ रोज, चुकवलंच तर एखाद्याने दोन-चार दिवस. मद्य कुणीच घेत नव्हतं. मल्याळी गटात नेहमीसारखं कुणी घेतली, कुणी घसरला, कुणी फोनच उचलला नाही. आमचा गट मात्र सोन्यासारखा. कंपनीच्या लोकांनी कौतुकाचं विपत्र पाठवलं. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत आणि मग स्वतः मराठी करून.

मी म्हटलं, "सर, निम्म्यांना तर पिठाची गोळी आहे. ते कसे सुटले?"

ते मंद हसले. त्या हसण्याची ते वाट बघत असावेत. "कर्णिकबाई, तिथेच खरं संशोधन आहे. औषध निमित्त. परिणाम आवाजाचा आहे."

मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात परिषद होती. तिथे डॉक्टर या विषयावर बोलणार होते. भाषणाचं नाव 'ध्वनी आणि संयम'. रक्ताचे रिपोर्ट मात्र वेगळंच सांगत होते, सगळ्यांची यकृतं बिघडलेली ती बिघडलेलीच. त्यावर डॉक्टर म्हणाले, "यकृत हा मंद अवयव आहे." हे वाक्य मी घरी नवऱ्याला सांगितलं. आमच्या घरी अजून कुणी उशिरा उठलं की आम्ही तेच म्हणतो.

एका दुपारी परब न सांगता आला. कारखान्यात अचानक तपासणी झाली होती, फुंकायला लावून, आणि हा सापडला होता. अर्बाबने त्याचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला होता आणि तिकीट काढायला सांगितलं होतं. परब खुर्चीच्या टोकाला बसला होता, आणि मला आश्चर्य वाटलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर शरम नव्हती. फसवल्यासारखा चेहरा होता.

"परब," डॉक्टर म्हणाले, "आपण मद्य घेत होतात?"

"नाय ओ डाक्टर. मद्य आमका खंय मिळता? ता परवानोवाल्या सायबांचा. मी आपला औषधच घेय होतंय."

"मग? औषध घेत होतात ना?"

"रोज घेय होतंय. तुमी इचारात होतात, मी एक दाबी होतंय."

मी विचारलं, "परब, औषध म्हणजे काय?"

त्याने दाराकडे पाहिलं. आवाज उतरवला. "औषध म्हणजे दारू ओ, ताई. कॅम्पात फोनार दारू कोण म्हणता? 'औषध हाडलंस?', 'औषध घेतलंस?' असाच म्हणतत सगळे. माका वाटला डाक्टरांका म्हायत असतला. म्हणानच तशे इचारतत."

"आणि गोळी?"

"ती सकाळी घेतंय. तिचा कोणी इचारूकच नाय."

मग त्याने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. मधे काही दिवस त्याने आपणहून सोडली होती. गोळीमुळे असेल, मनाने असेल. हात स्थिर झाला होता. पण संध्याकाळी फोन यायचा, तो प्रामाणिकपणे दोन दाबायचा, आणि डॉक्टर रागवायचे. "स्वताची फसवणूक म्हणालात. आत्ताच घ्या म्हणालात. माका वाटला, एकदम सोडूची नसता, तुमीच पैल्या दिवशी सांगितलास. म्हणान परत घेवक लागलंय. तुमचो आवाज आयकान घेतलंय, डाक्टर. दुसऱ्या कोणी सांगितल्यान असता तर घेवक नसतंय."

दारू सोडायला आलेल्या माणसाला आम्ही रोज संध्याकाळी फोन करून दारू प्यायला लावत होतो, आणि त्याबद्दल त्याचं अभिनंदन करत होतो. अशी कामगिरी आखातात दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते म्हणाले, "'औषध' या शब्दाचा असा अर्थ कोणत्याही शब्दकोशात नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. समोर माणसाची नोकरी चालली आहे, आणि हा शब्दकोश उघडतो! मी म्हटलं, "सर, चाचणीचा नंबर लावते. दोन दाबून ऐका एकदा, ह्याला काय ऐकू येत होतं ते."

"आवश्यकता नाही. मजकूर मीच लिहिला आहे," ते म्हणाले.

परबला एवढंच हवं होतं. डॉक्टरांनी अर्बाबला सांगावं, की हा लबाड नाही, आम्हीच घोटाळा केला. डॉक्टरांनी लगेच पत्राचा मसुदा केला. त्यात 'भाषिक संदिग्धतेमुळे उद्भवलेली परिस्थिती' होती, इंग्रजीत ती आणखी फुगली. पत्र सोहारला गेलं आणि दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या ऑफिसातून फोन आला, की ह्यात परब पीत होता का नव्हता ते कुठे लिहिलंय? डॉक्टर म्हणाले, माझं काम झालं. परिषद तोंडावर आली होती. सोहारला जाऊन घोटाळा कबूल करायचा म्हणजे 'ध्वनी आणि संयम' गुंडाळायचं, आणि मराठी गटाचे सगळे आकडे कंपनी कचऱ्यात टाकणार.

त्यांचं मन कशाने वळलं ते मी खात्रीने सांगू शकत नाही. दया आली असं मला वाटत नाही. दोन दिवस ते परबचं एकच वाक्य घोळवत होते. "तो म्हणाला, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर घेतलं नसतं. म्हणाला ना तो, कर्णिकबाई?" मी म्हटलं, म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गाडी सांगा." परिणाम आपल्या आवाजाचा आहे हे त्यांना इतकं पटलं होतं, की आता तो दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकणं त्यांना जमेना. माणूस गर्वापोटीसुद्धा बरं वागू शकतो, हे पाहायला मला मस्कतला यावं लागलं.

अर्बाब म्हणजे पांढरी दाढी, पांढरा पायघोळ झगा म्हणजे दिशदाशा, डोक्यावर नक्षीची टोपी. आयुष्यभर भारतीय कामगारांबरोबर काढल्याने हिंदी फाडफाड, व्याकरणाची पर्वा न करता. काहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले. परब दाराशी उभा. डॉक्टरांनी प्रस्तावना सुरू केली. भाषा ही प्रवाही असते, एकाच शब्दाला प्रदेशानुसार वेगवेगळ्या छटा असतात, हे त्यांनी हिंदीत सांगितलं, आणि ते हिंदी आकाशवाणीच्या बातम्यांसारखं होतं. अर्बाबने दोन खजूर खाल्ले.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तुम बहुत लंबा बात करता. सीधा बोलो. ये आदमी पीता था?"

"जी, परंतु उस पदार्थ के संदर्भ में..."

"कौन सा पदार्थ?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी तोच शब्द बोलले की डोळे वटारायचे, आता मी बोलावा अशी त्यांची इच्छा होती. मी खजुराची बी बशीत ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर यार्डात ती क्रेन उभी होती, पिवळी, रिकामी.

"यल्ला, डॉक्टर," अर्बाब म्हणाला, म्हणजे चला, आटपा.

"दारू," डॉक्टर म्हणाले. सूर लागला नाही. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "दारू. मैंने इसको कहा, दारू पियो. मेरी आवाज़ में. रोज़. इसने छोड़ दी थी, तो मैंने डाँटा, कि अभी पियो. इसकी ग़लती नहीं. मेरी है."

अर्बाबने परबकडे पाहिलं. "डॉक्टर बोला पियो, तो तुम पिया?"

"जी, अर्बाब."

"रोज़?"

"जी."

आधी अर्बाबची दाढी हलली, मग पोट, मग अख्खा माणूस हसत सुटला. त्याने शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून अरबीत ती गोष्ट सांगितली. तेही हसले. डॉक्टर मधे ताठ बसून होते, कानापर्यंत लाल. शेवटी अर्बाबने डोळे पुसले आणि पासपोर्ट परत खणात टाकला. "अभी डॉक्टर बोलेगा मत पियो, तो नहीं पियेगा?"

"नहीं पियेगा, अर्बाब."

"इन्शाल्ला," अर्बाब म्हणाला. "ठीक होने तक नीचे. बाद में ऊपर."

परतताना डॉक्टर वाटेतलं बरका गाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस आतून हलला असेल. बरका मागे पडलं तसे म्हणाले, "त्या गृहस्थांचं हिंदी फार अशुद्ध आहे."

पुढे सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. डॉक्टरांनी कंपनीला खरं कळवलं, लांबलचक, पण खरं. कंपनीने मराठी गट रद्द केला. परिषदेत त्यांच्या जागी मल्याळी गटाचे डॉक्टर नेहमीसारखे आकडे घेऊन बोलले. मंडळात मात्र डॉक्टरांनी 'निधीअभावी संशोधन स्थगित' असं सांगितलं, आणि खजिनदाराने हळहळ व्यक्त केली. गटातल्या सगळ्यांना आम्ही एकेकाला फोन करून समजावलं. परबला डॉक्टरांनी रुग्णालयात दाखल करून घेतलं आणि नीट, टप्प्याटप्प्याने, त्याच्या शरीरातून दारू उतरवली. हे काम ते उत्तम करायचे. ते मला नाकारता येत नाही, कितीही वाटलं तरी.

त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्यांच्या पुण्याला परतण्याच्या आदल्या आठवड्यात. परब तपासणीला आला होता. रक्त स्वच्छ, हात स्थिर, आणि अर्बाबने त्याला परत वर चढवलं होतं. समुद्र आहे ना जाग्यावर, मी विचारलं. "आसा, आसा," म्हणाला. मग मशिदीची बांग झाली आणि त्याचा फोन वाजला.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. चाचणी बंद झाली तेव्हा परब मला म्हणाला होता, "ताई, माझो तेवढो फोन ऱ्हवांदे." यंत्राचे पैसे वर्षअखेरपर्यंत भरलेले होते, मी त्याचा नंबर यंत्रात तसाच ठेवला. परबने सवयीने स्पीकर चालू केला. 'नमस्कार. मी डॉक्टर हर्डीकर. आज आपण औषध घेतलंत का?'

परबने दोन दाबलं.

'हे योग्य नव्हे. औषध चुकवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. कृपया आत्ताच औषध घ्या. औषध चुकवू नका.'

"चुकवतलंय!" परब फोनला म्हणाला आणि खुदकन हसला. "रोज चुकवतलंय, डाक्टर!" मला म्हणाला, "ह्या एकदा बोलून टाकला, ताई, की रात बरी जाता."

मी मागे वळले तर डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता भाषण येणार म्हणून मी तयारीत राहिले. पण ते परबला एवढंच म्हणाले, "ते 'नव्हे' जरा कठोर वाटतं का हो?"

"ऱ्हवांदे, डाक्टर," परब म्हणाला. "तसाच बरा आसा."

परब गेला. मी सामान आवरलं, दिवे मालवत निघाले. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, फोन कानाला. चाचणीचा नंबर. एवढं सगळं होऊन ह्या माणसाला अजून 'अभिनंदन' ऐकायचंय, असं वाटून माझं डोकं पुन्हा तापलं. मग त्यांनी फोन कानापासून काढला, बघितलं, आणि बोट खाली आणलं. आतून तोच आवाज आला, गोल, खणखणीत, सदाशिव पेठेतला, आणि त्यांना सांगू लागला की हे योग्य नव्हे. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग परत नंबर लावला आणि परत दोन दाबलं.